हस्तनिर्मित भेटवस्तूंची प्रत्यक्ष पडताळणी

विकत आणलेल्या भेटीला किंमत असते आणि हातानं केलेल्या भेटीला मोल असतं, हे सत्य आता सर्वमान्य झालं आहे. किंमत असलेली वस्तू बदलून घेता येते, परत करता येते, न आवडल्यास तसं म्हणताही येतं. मोल असलेल्या वस्तूच्या बाबतीत यांतलं काहीच चालत नाही. ती दोन्ही हातांनी घ्यायची असते आणि 'अय्या, हे तुम्ही केलंत?' असं विचारायचं असतं. (पुरुषांनी 'अरे वा' म्हणावं. तेवढं पुरतं.)

हे मोल वाढीस लावण्याच्या हेतूनं फरीदाबादच्या आमच्या स्नेहदीप मराठी परिवारानं सहा वर्षांपूर्वी 'कागदकला उपसमिती' स्थापन केली. विजयमालाताई तिच्या अध्यक्ष आहेत. त्यांच्या बोटांत कला आहे आणि आवाजात अधिकार. मी सदस्य-सचिव. एका मंत्रालयात बत्तीस वर्षं मी बैठकांची इतिवृत्तं लिहिली आणि निवृत्तीनंतर ती सवय सुटेना, एवढीच माझी पात्रता. उपसमिती दरवर्षी दिवाळीच्या मेळ्यासाठी कागदाच्या डब्या, पणतीघरं आणि वीतभर उंचीचे कंदील बनवते. कंदील खिडकीच्या आतल्या बाजूनं लावावा, अशी सूचना सोबत असते. त्या दिवसांत आमच्याकडची हवा अशी असते की बाहेर लावलेला कंदील मूळचा कुठल्याही रंगाचा असो, भाऊबीजेपर्यंत राखाडी होतो.

उत्तम कलाकृतीला उत्तम कच्चा माल लागतो. आमचा माल म्हणजे सभासदांच्या घरची रद्दी. अनुभवान्ती तिच्या प्रती ठरवण्यात आल्या. वर्तमानपत्र चौथ्या प्रतीचं. त्यातही इंग्रजीच घ्यावं, कारण एका कंदिलावर मूळव्याधीच्या दवाखान्याची हिंदी जाहिरात आली आणि नेमका प्रकाश पडल्यावर ती ठळक दिसू लागली. कॅलेंडर तिसऱ्या प्रतीचं. लग्नपत्रिका दुसऱ्या. (एका डबीच्या झाकणावर ज्या जोडप्याची नावं आली, त्यांचा मध्यंतरी घटस्फोट झाला होता आणि डबी वधूच्या आईकडे गेली. उपसमितीनं दिलगिरी व्यक्त केली.) आणि सर्वोच्च प्रत म्हणजे हातानं लिहिलेला जुना कागद. पिवळा पडलेला, शाई थोडी पसरलेली. तेलाचा डाग असल्यास उत्तम.

"याला टच आहे," विजयमालाताई म्हणतात. "बिल्कुल व्हिंटेज. असा कागद मशीनमधून येतच नाही यार."

अशा कागदाबाबत उपसमितीचा नियम क्रमांक सात आहे : कागद कापावा, वाचू नये. पूर्वी हा नियम नव्हता. मग एक सभासद कुणाचं तरी जुनं पत्र वाचत बसल्या आणि रडल्या. दोन पणतीघरं ओली होऊन वाया गेली. नियम झाल्यापासून उत्पादन दुप्पट झालं.

गेल्या दिवाळीआधी सर्वोच्च प्रतीची एक अख्खी वही हाती लागली, तेव्हा साहजिकच आनंदाचं वातावरण पसरलं. शंभर पानी, म्हणजे पन्नास कागद. दोन्ही बाजूंनी बारीक, सरळ, निळं अक्षर. मधूनमधून हळदीची बोटं. एका कागदाची एक याप्रमाणे पन्नास भेटी झाल्या. झिगझॅग कात्रीनं कडा कातरल्या, मध्ये कमळ कोरलं, सोनेरी लेस लावली. मेळ्यात त्या पहिल्या दीड तासात संपल्या. हा आजवरचा विक्रम आहे.

मेळ्यानंतर तिसऱ्या दिवशी अण्णासाहेब उपसमितीकडे आले.

अण्णासाहेब भारत सरकारच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर डोंगर मोजले. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात गेल्या. मुलगा आणि सून नोएडाला असतात, हे इथे एकटे. डबा लावलेला आहे. सून स्वरूपा दिवाळीआधीच्या एका शनिवारी सासऱ्यांचं घर आवरायला आली आणि तिनं कपाटातल्या जुन्या पगारपत्रकांचा गठ्ठा आमच्या रद्दी-संकलनाला दिला. त्या गठ्ठ्याच्या मधोमध ती वही होती. सर्वांत सुरक्षित जागा म्हणून अण्णासाहेबांनीच ती तिथे ठेवली होती. पगारपत्रकं कोण टाकतं, असा त्यांचा हिशेब. स्वरूपाला नंतर हे कळलं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

"माझी वही परत हवी होती," अण्णासाहेब म्हणाले.

"अण्णासाहेब, ती वही आता वही राहिली नाहीये," विजयमालाताईंनी समजावलं. "पण त्याचं इतकं सुंदर झालंय! थांबा, मी फोटो दाखवते ना."

अण्णासाहेबांनी मोबाइलवरचे फोटो एकेक करून पाहिले. चष्मा काढून पाहिले, लावून पाहिले.

"हे हिचं अक्षर आहे," ते म्हणाले.

"हो ना! तेच तर सगळ्यांना आवडलं!"

मग अण्णासाहेबांनी जे सांगितलं, ते मी इतिवृत्तात थोडक्यात नोंदवलं आहे. वहीत अहिल्याबाईंच्या पाककृती होत्या. त्या गेल्यावर अण्णासाहेबांनी दर रविवारी आंघोळ झाल्यावर एक पान वाचायचं ठरवलं. एकच. मोह झाला तरी पुढचं उलटायचं नाही. चौसष्ट रविवारी चौसष्ट पानं झाली होती. उरलेली छत्तीस पुरवून पुरवून पुढच्या जुलैपर्यंत जाणार होती.

"त्यापुढे काय लिहिलंय, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "तेवढे अठरा कागद मिळाले तरी चालेल. आधीचे राहू देत लोकांकडे."

कुठल्या भेटीत कुठला कागद गेला, याची नोंद नव्हती. (नियम सात.) त्यामुळे पन्नासही भेटींचा शोध घेणं क्रमप्राप्त झालं. खरेदीदारांची वही होती, आणि त्यांनी पुढे कुणाला दिली तेही विचारून घेता आलं. मी पन्नास फोन केले. निष्कर्ष असा : भेट मिळाल्याचं आठवतं, पन्नास. भेट आवडली, पन्नास. भेट सध्या कुठे आहे, या प्रश्नाला 'जपून ठेवलीय' असं उत्तर देणारे, पन्नास. शंभर टक्के जतन! वस्तुसंग्रहालयांनाही हे साधत नाही. उपसमितीनं स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला आणि विजयमालाताईंनी बर्फी वाटली.

अण्णासाहेबांनी बर्फी घेतली आणि विचारलं, "मग बघायला जाऊ या का?"

ज्यानं आयुष्यभर नकाशावर विश्वास न ठेवता डोंगरावर जाऊन पाहिलं, त्याला कोण काय सांगणार? ठरावाच्या भाषेत याला प्रत्यक्ष पडताळणी म्हणतात. ती गेल्या नोव्हेंबरपासून दर रविवारी चालू आहे. गाडी स्वरूपा चालवते. ती गाडीतून उतरत नाही. मी निरीक्षक म्हणून सोबत असतो. गुरुग्राम, द्वारका, नोएडा, एकदा थेट पानिपत. आजवर एकोणचाळीस घरं झाली.

त्यांपैकी सात घरांतल्या भेटी पुण्याला, नागपूरला किंवा बेंगळुरूला गेल्या. 'इतकी सुंदर होती की वापरवेचना, म्हणून पुढे दिली.' चार भेटी मुलांनी शाळेत प्रोजेक्ट म्हणून नेल्या. त्यांतल्या एकीला पहिलं बक्षीस मिळालं, आणि बक्षीस घरी आहे. अकरा घरांत कामवालीनं ती फेकली. तिला रागावल्याचंही प्रत्येकानं आवर्जून सांगितलं. (या अकरांत प्रस्तुत लेखक येतो. आमच्याकडे कामवाली नाही.) चौदा घरांत ती 'इथेच तर होती'. या चौदा घरांत शोधाशोध करताना लॉकरची एक किल्ली, दोन थर्मामीटर, एक हरवलेलं पासपुस्तक आणि त्याआधीच्या दिवाळीचा न उघडलेला काजूकतलीचा डबा सापडला. सर्वांनी अण्णासाहेबांचे आभार मानले. द्वारकेच्या एका घरी त्यांच्या हातात भलत्याच वर्षाचा कंदील ठेवून 'हीच ती' असं ठामपणे सांगण्यात आलं. त्यावर शेअर बाजाराचे भाव होते. अण्णासाहेबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि 'छान आहे' म्हणून परत दिला.

उरल्या दोन. त्या सापडल्या.

पहिली सुभेदार मल्हारी यांच्याकडे. लष्करातून निवृत्त होऊन ते इथेच स्थायिक झाले. डबीत ते कानाच्या यंत्राचे सेल ठेवत. अण्णासाहेबांचं म्हणणं त्यांना ऐकू येईपर्यंत थोडा वेळ गेला. ऐकू आल्यावर त्यांनी सेल खिशात घातले आणि डबी दोन्ही हातांनी परत केली. पान अकरा-बारा, कडबोळी. म्हणजे वाचून झालेलं. तरी अण्णासाहेबांनी गाडीत बसून ते घर येईपर्यंत पुन्हा वाचलं.

दुसरी नोएडाला, उत्तराबाईंकडे. त्यांनी सगळं घर शोधलं आणि शेवटी ओशाळून सांगितलं, "ते... फ्रिज डुगडुगत होता ना." आम्ही तिघांनी मिळून फ्रिज उचलला. पणतीघर घडी होऊन पायाखाली होतं. चपटं झालेलं, पण कोरडं. पान एकाहत्तर-बाहत्तर.

वहीच्या पहिल्या भागातली मापं पाच माणसांची, पाहुणे असतील तर आठ-दहांची असत, असं अण्णासाहेब मला प्रवासात सांगत. या पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं : 'एकट्यापुरतं वरण.' त्याखाली : 'अर्धी वाटी तूरडाळ. हळद, हिंग. पाणी डाळीच्या वर दोन बोटं. तुमची बोटं जाड आहेत, दीडच धरा. कुकरच्या'. यापुढे कमळ कोरलेलं होतं. कमळाच्या खाली ओळ पुन्हा सुरू होत होती : 'मग गॅस बंद केलात का ते बघा. परत एकदा बघा.'

कोरीवकाम अत्यंत सफाईदार होतं, हे उपसमितीच्या वतीनं मला नमूद केलं पाहिजे.

अण्णासाहेब उत्तराबाईंच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. "म्हणजे तिला माहीत होतं," ते म्हणाले. "आणि मला म्हणायची, रिपोर्ट चांगले आलेत." मला रडू आलं. इतिवृत्तात याची नोंद नाही. उत्तराबाई पदरानं डोळे पुसत फ्रिजखाली घालायला पुठ्ठा शोधत होत्या.

त्या आठवड्यात अण्णासाहेबांनी बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा कुकर लावला. दोन शिट्ट्यांना डाळ कच्ची राहिली. सहाला खाली लागली. आता चारवर जमतं. पण हिनं किती शिट्ट्या लिहिल्या होत्या ते कळलं असतं तर बरं झालं असतं, असं ते अधूनमधून म्हणतात. कमळांची कात्रणं आम्ही कोरली त्याच दिवशी झाडून टाकली होती. (स्वच्छता हा उपसमितीचा नियम क्रमांक दोन आहे.)

अठरांतला एक कागद मिळाला. सतरा राहिले. त्यांवर एकट्यापुरता भात असेल, एका पोळीची कणीक असेल, ताप आला तर काय करायचं ते असेल. अण्णासाहेबांना माहीत नाही आणि ते अंदाजही करत नाहीत. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, अशी त्यांच्या खात्याची शिस्त होती.

या सगळ्याची उपसमितीनं गंभीर दखल घेतली आहे. यंदाच्या मेळ्याची मध्यवर्ती कल्पना 'आठवणींचा कागद' अशी ठेवली आहे. मागणी प्रचंड आहे. आपल्या घरची हस्तलिखितं वेळेत जमा करावीत. नियम सातबद्दल पुन्हा चर्चा झाली आणि तो एकमतानं कायम राहिला.

पडताळणीची अकरा घरं शिल्लक आहेत. त्यांत तुमचं आहे.

दचकू नका. तुम्ही आमच्या मेळ्याला आला नव्हतात, हे मान्य. तुम्हाला ती कुणीतरी दिली होती. लहानशी, कागदाची, सोनेरी लेसची, कडेला निळं अक्षर. तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत आणि बरोबर जे म्हणायचं तेच म्हणालात. फोनवरही तुम्ही न अडखळता उत्तर दिलंत. पन्नासांत सर्वांत पटकन.

येत्या रविवारी अकराच्या सुमाराला आम्ही येऊ. गेटवर नाव सांगून ठेवा, म्हाताऱ्या माणसाला उन्हात उभं राहावं लागू नये. चहाचा आग्रह करू नका, ते घेत नाहीत. सोफ्याच्या कडेवर बसतील. भेट किती आवडली, ती किती जपून ठेवली आहे, हे तुम्ही सांगाल ते शेवटपर्यंत ऐकून घेतील. मधे बोलणार नाहीत. तुमचं बोलून झालं की मान हलवतील आणि विचारतील, "बघू?"