गुलाबरावांचा बुटका ओटा

गुलाबरावांच्या शेडमध्ये नसलेल्या मशीनवर हेल्मेट ठेवलं म्हणून मी एकदा बोलणी खाल्ली आहेत.

नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत आमच्या शेडी शेजारी शेजारी. मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो, ते कापडावर भरतकाम करून देतात. त्यांच्या शेडच्या मधोमध सिमेंटचा एक रिकामा ओटा. त्यावर मी सहज हेल्मेट टेकवलं, तर केवढ्यानं ओरडले, "उचला थे! मशीन हाये तिथी!"

"कुठं आहे?"

"येऊन राह्यली!"

मशीन परदेशातून निघून मुंबईच्या बंदरात उतरली आणि तिथंच अडकली होती. कस्टमवाले म्हणत, ही साधी भरतकामाची मशीन, पूर्ण ड्युटी भरा. गुलाबराव म्हणत, ही वेगळी आहे, हिला सवलत आहे. वेगळी म्हणजे कशी, ते मात्र कुणाला सांगत नसत. "कायद्याची भानगड हाये, तुमाले नाही समजत," म्हटलं की विषय संपला. प्रकरण हायकोर्टात गेलं. तारखेला बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरायचे, तारीख पडली की परत येऊन आधी ओटा झाडायचे.

दसऱ्याला सगळी एमआयडीसी आपापल्या यंत्रांना हार घालते. यांनी रिकाम्या ओट्यावर झेंडू वाहिले, नारळ फोडला, वर आम्हाला प्रसाद वाटला. मीही मुकाट्यानं हात जोडले. शेजाऱ्याशी वाकडं कोण घेतो!

ओटा होताही फार बुटका. मी म्हणालो, "यावर मशीन ठेवली तर कारागिराची कंबर जाईल."

"तुमी आपले खोके बनवा, भाऊ."

शांतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, पूर्वी याच शेडमध्ये पायमशीनवर बसायच्या. त्यांनी काढलेला मोर पदरावरून उडून जाईल असं वाटायचं. अपघातात पाय निकामी झाले आणि त्या व्हीलचेअरवर घरीच राहिल्या. शेडचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे.

शेवटी हुकूम झाला: बाँड आणि बँक गॅरंटी घ्या, माल सोडा, ड्युटीचा वाद पुढं चालू द्या. ट्रक आला, मशीन ओट्यावर चढली. फिटर खाली वाकून शोधू लागला, "पायडल कुठं हाये जी?"

पायडल नव्हतंच. मशीन सगळी हातांनीच चालवायची.

"हेच तं कोर्टात सांगून राह्यलो होतो," गुलाबराव म्हणाले. त्यांनी ऑफिसातली खुर्ची ओढून मशीनसमोर ठेवली, बसले आणि हात लांबवून पाहिला. मला तेव्हा त्या ओट्याची उंची कळली. व्हीलचेअरच्या मापाची.

"वहिनींना माहीत आहे?"

"नाही. कोर्टानं नाही म्हटलं असतं, तं दुसऱ्यांदा मोडली असती थे. आज सांगतो."

"आणि त्या नाहीच आल्या तर?"

गुलाबराव उठले आणि मशीनसमोरची खुर्ची परत ऑफिसात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं शटर उघडायच्या आधी त्यांच्या फाटकाशी गेलो. हातात झाडू घेऊन ते रस्त्याकडे बघत उभे होते.

"काय म्हणाल्या?"

"लय रागावली. मले काहून नाही सांगतलं म्हणे."

"मग?"

"मग म्हणे, तुमी व्हा पुढं, ओटा झाडून ठेवा."

कोपऱ्यावरून एक ऑटो वळला. मागं व्हीलचेअर बांधलेली. गुलाबरावांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "येऊन राह्यली!"