पायाळू सरांची प्रयोगशाळा

आमचे जयवंतसर कुणाच्याही पाठीमागे उभे राहत नाहीत. बँकेची रांग असो, देवळातली असो, नाहीतर सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की जमते ती असो, सर आपले रांगेच्या बाजूला, हातभर अंतर राखून उभे. कोणी खेकसलं, "ओ सर, लायनीत येवा मरे!" की म्हणतात, "लायनीतच आसंय. फक्त बाजूक आसंय."

कारण उघड आहे. सर पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले. आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे आमच्या पेडण्यात शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे सर मागे दिसले रे दिसले की पुढचा कमरेत वाकलाच म्हणून समजा. "सर, आसातच तर एक लाथ मारून जावा." इंजिनियरिंग कॉलेजात जन्मभर यंत्रशास्त्र शिकवलेला माणूस, आणि गावाला हवी त्याची लाथ! बरं, पायाळूवर वीज पडते असंही आमच्याकडे मानतात. म्हणजे पाठ धरली की लोक जवळ येणार, आणि ढग गडगडले की चार हात लांब पळणार.

सर हे सगळं हसण्यावारी नेतात असं नव्या माणसाला वाटतं. मी शेजारी आहे, मला विचारा. सर घाबरतात. स्वतःच्या पायांना घाबरतात.

त्यांचे वडील मुळगावच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचे. एकदा त्यांची पाठ धरली. घरात पायाळू पोरगा असताना डॉक्टर कशाला? आठ वर्षांच्या जयवंताला त्यांच्या पाठीवर उभं केलं. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या पायांतली ताकदच गेली. पुन्हा ते चालले नाहीत, खाटेला खिळले, आणि काही वर्षांनी त्याच खाटेवर गेले. डॉक्टर म्हणाले, ट्रकच्या धक्क्यांनी कणा आधीच झिजला होता. गाव म्हणालं, नशीब. त्यानंतर सरांनी कुणाच्याच पाठीला पाय लावला नाही, आणि 'बापाशीक मी मोडलंय काय?' एवढा एक प्रश्न घेऊन हा माणूस म्हातारा झाला.

निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेतला आणि दारावर पाटी लावली, 'मणका प्रयोगशाळा'. कणा किती भाराने मोडतो ते मापणारी यंत्रं परदेशात मिळतात म्हणे, पण त्यांची किंमत ऐकूनच मला घेरी आली. सरांनी खाणीवरच्या भंगारातून ट्रकचा जॅक आणला. चोपड्याच्या मासेवालीचा जुना इलेक्ट्रॉनिक काटा आणला. चौकट वेल्ड करून घेतली. शिवाय एका आइस्क्रीमवाल्याने टाकलेला फ्रीझर आणला. थंड पाणी असेल म्हणून मी त्याचं झाकण उघडलं, तर आत पिशव्यांत गुंडाळलेले डुकराचे कणे! मी जो काढता पाय घेतला तो थेट रस्त्यावर. मागून सर ओरडताहेत, "अरे बाबल, माणसाच्या कण्याक जवळचो तोच!" घ्या, म्हणजे आता माझी भीती जाणार!

कण्याची दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये घट्ट बसवायची, खाली काटा, वर जॅक, आणि भार वाढवत न्यायचा. कोणी पाठदुखीचं रडगाणं सांगू लागला की सरांचं एकच, "दुखता ता सोड. भार खयसून येता ता सांग." पण हाच माणूस जॅकचा दांडा ओढला की डोळे गच्च मिटून घ्यायचा. म्हणून काट्याकडे बघायला मी. जन्माचा भित्रा मी, आणि नेमणूक झाली बघण्यावर!

"बाबल, मोडलो?"

"नाय सर."

"आता?"

"नाय हो!"

आणि मग काड्कन आवाज. आम्ही दोघेही दचकून मागे. सरांचा चेहरा पांढराफटक.

घरी सरांची आई, ताराकाकी. ऐंशी ओलांडलेली. तिला रोज उसण. "जयवंता, मेल्या, जरा पाय लाय रे!" सर तेल चोळतील, शेक देतील, बाजारातून गोळ्या आणतील. पाय नाही म्हणजे नाही. काकी कण्हू लागली की सर गाळ्यावर पळ काढायचे.

एका सकाळी सरांनी घरातलं तांदळाचं पोतं उचलून गाळ्यावर आणलं. त्यातले थोडे तांदूळ काढून ठेवले, पुन्हा तोलून बघितलं. तेवढंच वजन का, हे मी विचारलं नाही. आठ वर्षांच्या पोराचं वजन साधारण तेवढंच असतं. पोतं कण्यावर टेकवलं. काही झालं नाही. सरांनी मलाही वर बसवलं. मी देवाचं नाव घेत बसलो. तरी काही झालं नाही.

"सर, सुटलास! मोडूक नाय!" मी वरूनच ओरडलो.

सर खाली बघत म्हणाले, "हो डुकराचो रे बाबल. बापाशीचो झिजल्लो होतो. तो आता खयसून आणू?"

इतकी खटपट केली, आणि उत्तर नाहीच.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि ताराकाकी आत. "माझो तांदूळ खय?" म्हणत आली आणि थेट पोत्यापाशी गेली. पोत्यावर हात ठेवून म्हणाली, "एवढोच होतंस तू." मग पदर खोचला. "डुकराक काय विचारतंस? माझी पाठ माप."

सर माणसांची पाठ मापायचे ती टिकल्यांनी. मणक्यांवर ओळीने टिकल्या चिकटवायच्या, माणसाला वाकवायचं आणि फोनवर चित्रण करायचं. काकीच्या पोलक्यावर ते टिकल्या लावू लागले तशी ती म्हणाली, "घोव गेल्यापासून कपाळाक लावूक नाय. लाय, पाठीक तरी लाय."

काकी वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. सर फोनकडे बघतच राहिले. "आये, तुझ्या पाठीक कायएक झालेला नाय."

"ता माका म्हायत आसा."

"मगे रोज कण्हतंस कित्याक?"

"तू पाय लावशीत म्हणान." काकीचा आवाज फुटला. "तेंच्या पाठीर तुका मीच उभो केलंय. तू नको म्हणत होतंस, रडत होतंस. मीच दटावलंय. दोनय पायांर उभो केलंय. भार माझो, जयवंता. तू कित्याक वावतंस?"

काकीने चटई ओढली आणि उपडी झोपली. "ठेव. बघ मी मोडतंय काय."

तिचं वय काय, हाडं काय! सरांनी चप्पल काढली. उजवा पाय उचलला. त्यांनी तो पाठीवर टेकवला, आधी नुसता अंगठा, मग चवडा, मग सगळा पाय. काकी हूं का चूं करेना. सर रडत होते, पण पाय काढीनात.

पुष्कळ वेळाने त्यांनी पाय घेतला, वाकून आईच्या पाठीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

काकी उठली नाही. चटईवर तोंड ठेवूनच म्हणाली, "आता डावो."