नॉन क्रिमिनल धर्माकाका

धर्माकाका भांडायला उभे राहिले की गडबच्या हायवेवरचे भजीवाले गॅस बारीक करत. भांडण नीट ऐकू यावं म्हणून. मी हे कौतुकानं सांगत नाही. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, आणि मी डोलवीच्या कंपनीत शिफ्टला. रात्रपाळी करून सकाळी कुठे अंग टाकावं, तर भिंतीपलीकडून आरोळी यायची, "कायद्याने बोल!"

हे त्यांचं पालुपद. काका आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते. पण अंगणात परक्याची कोंबडी आली तरी कायदा, एसटीत खिडकी मिळाली नाही तरी कायदा, आणि लग्नाच्या पंगतीत बटाटा कमी पडला तर वाढप्याला कायदा. सगळ्यात जुनं प्रकरण शेजारच्या हिराजीशी. हिराजीच्या पत्र्याची पन्हळ काकांच्या ओटीकडे कललेली आहे, एवढाच गुन्हा. हे भांडण भर उन्हाळ्यातही चाले. "पाणी नसला म्हणून काय झाला? रोख माझ्याकडं हाय. कायद्याने बोल!"

घरात दोघंच, काका आणि त्यांची मुलगी दर्शना. काकू ती लहान असतानाच गेल्या. घरातला सगळा आवाज बापानं घेतला आणि पोरीच्या वाट्याला काही उरला नाही. ती दुकानात साखर मागायला गेली तर दुकानदाराला कान पुढे करावा लागे. आणि अशा मुलीला व्हायचं होतं पोलीस! उंचीत ती बसत होती, धावण्यात गावातल्या पोरांना मागे टाकत होती. पण आधीच्या भरत्यांत लेखी परीक्षेत थोडक्यात हुकली, आणि तोवर वय खुल्या गटाच्या मर्यादेपुढे गेलं. आता ओबीसीची सवलत मिळाली तरच मैदानावर उभं राहता येणार होतं. नाहीतर वर्दीचा विषय संपला.

सवलतीचा दाखला काढायला काका स्वतः पेणला गेले. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, "नॉन क्रिमिलेअर लागेल. तो मुलीचं बघून मिळत नाही, आईवडिलांचं बघून मिळतो." काका घरी आले आणि ओटीवर डोकं धरून बसले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "नॉन क्रिमिनल मागतात रे. तोही पोरीचा नाय, बापाचा!"

मी समजावायला गेलो, "काका, तो दाखला उत्पन्नाचा असतो."

"तू कंपनीतला माणूस. तुला कायद्यातला काय कळतो?" ते उठले आणि पन्हळीकडे बघून म्हणाले, "आजपासून मी कायद्याने गप्प."

आणि खरंच गप्प झाले. हिराजीला आधी ही थट्टा वाटली. त्यानं पन्हळ वीतभर आणखी वळवली. काकांनी टॉवेलाचं टोक दातात धरलं, मान लाल झाली, कपाळाची शीर फुगली, आणि शब्द काय बाहेर पडला, तर "असू दे."

दर्शनाचा सराव रोह्याला चाले. काका रोज पहाटे तिच्याबरोबर एसटीनं जात. एकदा एका बाईनं सुक्या बोंबलांची पाटी सरळ त्यांच्या पायावर ठेवली. "असू दे." रोह्यापर्यंत पाय बधिर झाला, पण काका हलले नाहीत. मैदानावर बाकीचे आईबाप पोरांच्या नावानं ओरडत आणि काका कडेला पोरीच्या चपला हातात धरून उभे. ओठ घट्ट मिटलेले. उगाच कोणी ओरडण्याची नोंद केली तर? बैल औताला जुंपावा तसं त्यांनी स्वतःला गप्प बसण्याला जुंपलं होतं.

शेवटी हिराजीच खंगला. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "धर्मा आजारी हाय का रे? काय पण बोललो तरी हसतोय. मना भीती वाटते." माझी गत काही वेगळी नव्हती. इतकी वर्षं ज्या आरोळीला शिव्या घातल्या, ती नाही म्हणून मला झोप येईना.

दाखला मिळाला, भरती झाली आणि दर्शना निवडली गेली. मग चारित्र्य पडताळणीसाठी हवालदार आळीत आले आणि त्यांनी नेमकं हिराजीलाच गाठलं. हिराजी म्हणाला, "साहेब, पोरगी सोना हाय. बाप पण चांगला होता. हल्ली भांडत नाय, तेवढाच काय तो दोष."

पोरगी ट्रेनिंगला गेली. काका एकटे ओटीवर बसलेले दिसत. एका रविवारी मी जाऊन म्हटलं, "काका, आता तोंड उघडा. अहो, तो दाखला खरंच उत्पन्नाचा असतो."

"ठावं हाय मना. हातात आला त्याच दिवशी दर्शनानं वाचून दाखवला."

"मग इतके महिने गप्प कशाला राहिलात?"

"ती लहान होती ना, तेव्हा मी ओरडायला लागलो का कणगीच्या मागं जाऊन बसायची. मना वाटायचा, खेळते. मी गप्प झालो तशी पुस्तक घेऊन इथं ओटीवर यायला लागली. माझ्या बाजूला. मग कोण भांडतोय, सांग?"

तेवढ्यात फोन वाजला. दर्शनाचाच होता. ती इतकं हळू बोलते म्हणून काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, इथं हुकूम द्यायला लावतात. माझा आवाजच निघत नाय. उस्ताद बोलतात, मैदानाच्या टोकाला गेला नाय तर पास करणार नाय." ती थांबली. "तू कसा काढायचास?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग पन्हळीकडे. "पोटातून गो. गळ्यातून काढशील तर घसा बसेल."

"काढून दाखव ना."

"घाबरशील."

"नाय घाबरणार, बाबा. काढ."

काका उभे राहिले. टॉवेल खांद्यावर टाकला, छाती भरून घेतली आणि ओरडले, "साऽऽवधान!"

भिंतीवरचं कॅलेंडर हललं. हायवेवरच्या भजीवाल्यांनी गॅस बारीक केला. हिराजी उघडाबंब धावत बाहेर आला आणि आनंदानं ओरडला, "आलास का रे भानावर!"

आणि तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "साऽऽवधान!" असा खणखणीत, की हिराजी अंगणातच टाचा जुळवून उभा राहिला.

काका मटकन खाली बसले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या त्यांनी पुसल्याही नाहीत. काहीतरी पुटपुटले, पण इतकं हळू की हिराजीला कान पुढे करावा लागला.

"माझ्यावर गेली रे," काका म्हणत होते.