गोगलगायीचं अनधिकृत बांधकाम

एका जंगलात, बाळांनो, राहायला जागा थोडी आणि नियम फार झाले होते. तिथे डोंगराच्या पोटात गुहांची एक सोसायटी होती. त्या सोसायटीत कालिंदी नावाची हरिणी भाड्याने राहायला आली.

कालिंदीच्या नवऱ्याला वाघाने नेलं होतं. तेव्हापासून पान हललं तरी बिचारीच्या छातीत धडकी भरायची. घास गिळवेना, डोळा लागेना. शेवटी डॉक्टर घुबडाने चिठ्ठी लिहून दिली, 'पेशंटजवळ एक गोगलगाय असू द्यावी.' आणि खरंच सांगतो, गोगलगायीला सावकाश चालताना बघितलं की कालिंदीचा जीव थाऱ्यावर यायचा.

घरमालक कोल्ह्याने करारावर बोट ठेवलं. "बाई, इथे स्पष्ट लिहिलंय. प्राणी पाळायचे नाहीत."

हा नियम करणारे सगळे प्राणीच होते. हसू नका रे! त्यांच्यातलं कुणी हसलं नव्हतं.

"अहो भाऊ, ती पाळलेली नाही. माझं औषध आहे ते."

"औषध बाटलीत असतं!"

प्रकरण कमिटीपुढे गेलं. अध्यक्ष होते दादासाहेब रानडुक्कर आणि सेक्रेटरी होतं साळिंदर.

"ही तर पाठीवर घर घेऊन आलीय," साळिंदर फिस्कारलं. "आमच्या आवारात अनधिकृत बांधकाम!"

"आणि बाई, तुम्हाला भीती वाटते याला पुरावा काय?" दादासाहेब गुरगुरले.

कालिंदी उभ्या जागी लटलट कापत होती.

"कापणं चालणार नाही. लेखी द्या."

तिने डॉक्टरची चिठ्ठी दिली. मग खात्री करायला म्हणून गोगलगायीला टेबलावर ठेवलं. ती आपली निघाली, या टोकाकडून त्या टोकाकडे. सगळे बघत बसले. पाण्याच्या टाकीवरून बारा वर्षं एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी ती कमिटी अर्धा तास गप्प होती. साळिंदराचे काटे खाली बसले. दादासाहेबांना तर चक्क डुलकी लागली.

जाग येताच त्यांनी ठराव मांडला. तो एकमताने पास झाला, सोसायटीच्या जन्मात पहिल्यांदाच. गोगलगाय यापुढे कमिटीच्या ऑफिसात राहील. कालिंदीने आठ दिवसांत गुहा रिकामी करावी, कारण असल्या हळव्या भाडेकरूंमुळे सोसायटीची शांतता बिघडते.

"अहो, पण ती माझी आहे हो! तिच्याशिवाय मी जगू कशी?" कालिंदी हंबरडा फोडून रडली.

"हळू बोला," दादासाहेब कुजबुजले. "ती घाबरेल."

तात्पर्य: बाळांनो, खुशाल घाबरट व्हा, मन खचू द्या, रडा. फक्त त्याआधी स्वतःचं घर घ्या आणि जमलं तर कमिटीवर निवडून या.