राजपुत्राच्या काखेतला टाका

शिंपी म्हणून माझा दबदबा असा की, एकवेळ कापड फाटेल, पण माझा टाका तुटणार नाही! हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. बायकोला सांगायची सोय नाही, ती लगेच जांभई देते.

सुट्ट्या लागल्या की लोक फिरायला जातात आणि आम्ही त्यांचे कपडे शिवत बसतो. बावीस वर्षं बायको म्हणतेय, "अहो, एकदा तरी तो झोपलेल्या राजकन्येचा बॅले बघू या ना!" लहानपणी तिनं तो अर्धाच पाहिला होता. धाकट्या भावाला उलट्या सुरू झाल्या आणि मध्यंतरातच सगळ्यांची वरात घरी! राजकन्या जागी होताना काही तिला दिसली नाही.

यंदा मी छाती ठोकून म्हणालो, "दुकान बंद! आज मी शिंपी नाही, फक्त नवरा!"

"मग पडदा पडेपर्यंत माझ्या शेजारून हलायचं नाही," ती म्हणाली आणि निघताना माझे खिसे तपासून तिनं कात्री आपल्या पर्समध्ये टाकली. कॉलरखाली टोचलेला सुई-दोरा मात्र तिच्या तावडीतून सुटला.

सुरुवात झकास झाली. मग राजपुत्र आला, त्यानं ऐटीत हात वर केला आणि माझ्या काळजात चर्र झालं. उजव्या काखेतली शिवण उसवलेली!

"अगं, त्याची काख बघ!"

"तुम्ही पाय बघा," ती कुजबुजली. "लोक पाय बघायला येतात."

मध्यंतर झाल्याबरोबर "पाणी पिऊन येतो" म्हणून सटकलो आणि तडक मागच्या दारावरचा रखवालदार गाठला. "राजपुत्राची काख उसवलीय. मी शिंपी आहे!"

त्यानं दंड धरून मला आतच ओढलं! कपडे सांभाळणाऱ्या मावशी पलीकडच्या विंगेत राजकन्येचा झगा बांधत होत्या आणि इकडे राजपुत्र हात वर करून रडकुंडीला आला होता.

"काका, दोनच मिनिटं आहेत हो!"

"दोन मिनिटांत मी अख्खी पँट शिवतो!" असं म्हणत त्या अंधुक उजेडात दुहेरी दोऱ्यानं सपासप टाके घातले. गाठ मारली, दोरा दातानं तोडला. तेवढ्यात वाद्यं वाजली आणि राजपुत्रानं रंगमंचावर झेप घेतली.

त्याच्यामागोमाग मीही! माझ्याच सदऱ्याची बाही मी त्याच्या काखेत पक्की शिवली होती!

तो गिरकी घेई आणि मी दाव्याला बांधलेल्या वासरासारखा फरफटत जाई. "तोडा ना, काका!" तो हसरा चेहरा तसाच ठेवून पुटपुटला.

"तुटत नाही रे, माझा टाका आहे!"

बायको बसली होती त्या चौथ्या रांगेकडे बघायची माझी हिंमतच होईना. बावीस वर्षं वाट पाहिलेला शेवट, आणि त्याची माती मी करत होतो! डोळ्यांत पाणी आलं हो. पण तो राजपुत्र देवमाणूस निघाला! मला झटकून टाकायचं सोडून त्यानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "घाबरू नका. मी वाकलो की वाका." तो वाकला, मी वाकलो. तो धावला, मी धापा टाकल्या. तेवढ्यात मावशी पुठ्ठ्याच्या झुडपाआडून रांगत आल्या आणि त्यांनी कच्चकन कात्री चालवली. मी झुडपामागे कोसळलो. राजकन्या जागी झाली ती मी तिथूनच पाहिली. राजपुत्राचे आणि मावशींचे उपकार मी जन्मात विसरणार नाही!

बाहेर पायऱ्यांवर बायको उभी होती. डोळे लालबुंद.

"चुकलो गं. तुझा शेवट नासवला मी."

"कसला नासवला? राजकन्या कशी हळूच उठली, कशी हसली, सगळं बघितलं मी. पोटभर रडले!" तिनं माझी अर्धी बाही नीट दुमडली. "शेजारच्या बाईंना वाटलं, तुम्ही म्हणजे राजपुत्राला चिकटलेला शाप. विचारत होत्या, हा सुटणार कधी?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, काही सांगता येत नाही बाई. मला चिकटलाय त्याला बावीस वर्षं झाली!"