विचाराल तेवढंच

लस डाव्या दंडावर घ्यायची, हे मी शर्टाकडे बघून ठरवलं. पापडीला चर्चच्या हॉलमध्ये काविळीच्या लसीचं शिबिर होतं. हार्डवेअरवाले शेट म्हणून उद्घाटनाला मी (फीत कापायची कात्रीही माझ्याच दुकानातली). पहिली सुई घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा स्टेजवर मीच बाही वर केली. उजवी बाही इस्त्रीवाल्याने जाळली होती, म्हणून डावी.

चार दिवसांनी, वर्षभर कुरकुरणाऱ्या डाव्या खांद्याची सोनोग्राफी केली. खांदा ठीक निघाला, पण काखेतल्या गाठी सुजलेल्या.

"ताप येतो?" डॉक्टर फर्डिनंडनी विचारलं.

"नाही."

"वजन उतरलं?"

"आमच्या घराण्यात उतरत नाही."

"हाताला जखम, गळू?"

"नाही."

आता धंद्यातला माझा नियम सांगतो. गिऱ्हाईक विचारेल तेवढंच सांगायचं. 'रंग धुता येतो का?' म्हणालं, तर 'येतो' म्हणायचं. किती वेळा, ते त्याने विचारावं. वीस वर्षं दुकान यावर उभं आहे. डॉक्टरांनी लसीचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"मंगळवारी सुई घालून गाठ तपासू," ते म्हणाले. "बहुतेक काही नसेल."

हे 'बहुतेक' मला चांगलं ठाऊक आहे. पाण्याच्या टाक्या विकताना मी तेच वापरतो.

घरी येऊन बायकोला, लतिकाला म्हटलं, "उद्यापासून दुकानात बस. मी नसलो तर तुला चालवता यायला हवं."

तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "चाव्या कुठे असतात?"

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक पीटर. "वहिनी, हा रंग कंपाउंडला टिकेल ना?"

"पहिल्या पावसापर्यंत."

मी मागून खोकलो.

"त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, तब्येत बरी नाही त्यांची," लतिका म्हणाली. "तो शेजारचा डबा न्या."

शनिवारपर्यंत पार जूचंद्रहून माणसं येऊ लागली. मी कोपऱ्यात खिळ्यांच्या पोत्यावर बसून स्वतःच्या दुकानाची बदनामी ऐकत होतो. ती गर्दी बघायला मंगळवारनंतर आपण असू का, एवढाच विचार डोक्यात होता.

मंगळवारी ती दवाखान्यात सोबत आली. डॉक्टर तिला फक्त "बसा" म्हणाले. बाईंनी न विचारता सगळं सांगितलं: माझं घोरणं, चोरून खाल्लेलं फरसाण, आणि "सोनोग्राफीच्या चार दिवस आधी स्टेजवर काविळीची लस घेतली. डाव्या हाताला. फोटोसाठी पुन्हा बाही वर केली होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दिनानाथराव, हे बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक रंग उडालेली भिंत दाखवून बघतं. "ज्या हाताला लस, त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी काही दिवस सुजू शकतात. शरीर कामाला लागलेलं असतं. सहा आठवडे थांबू, पुन्हा सोनोग्राफी करू. गाठी उतरल्या तर सुई नको."

उतरल्या. रिपोर्ट खिशात घालून तडक दुकानात गेलो, लतिकाला घरी पाठवलं आणि गल्ल्यावर ऐसपैस बसलो.

पीटर आला. आत डोकावला. "वहिनी नाहीत?"

"मी आहे की. काय हवंय?"

"बिजागऱ्या."

"कुठल्या दाखवू?"

"राहू द्या, शेट," तो पायरी उतरत म्हणाला. "तुम्हाला काय काय विचारायचं, ते लिहून आणायला हवं. त्यापेक्षा संध्याकाळी येतो, वहिनी असताना."