तेरा लिटरची गिटार

मोडलेली वस्तू ज्ञानोबाच्या हातात द्या आणि निवांत ताणून द्या! हे मी म्हणत नाही, आमची अख्खी गल्ली म्हणते. म्हणजे म्हणायची. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यापर्यंत.

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी नऊ वर्षं रोजंदारीवर होतो. काम काय? फॅट काढायचं, कॅन धुवायचे आणि गळका कॅन आला की बुजवायचा. कॅन बुजवण्यात माझा हात धरणारा माणूस शिरूर कासार तालुक्यात शोधून सापडायचा नाही! पण त्या वर्षी कॅन भरायलाच दूध नव्हतं. निम्मी जनावरं छावणीला गेलेली. त्यात एका मंगळवारी चेअरमन मोहनरावांनी मला घरी बोलावलं आणि आतून कडी लावली. म्हटलं, संपलं. रोजंदारीवाले कमी करायची सुरुवात आपल्यापासून.

मोहनरावांनी पलंगाखालून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी ओढलं.

"ज्ञानोबा, बघ. पण कुठं बोलू नको."

बघितलं, तर सूनबाईंची गिटार! सूनबाई पुण्याच्या. लग्नात सामानाबरोबर ही गिटार आली तेव्हा गावातल्या बायका रांगेनं बघून गेल्या होत्या. आता तिची दशा बघवेना. वरच्या फळीला मधोमध भेग, कुशीला मूठ जाईल एवढं भगदाड आणि मान निखळून तारांना लोंबकळलेली.

"कशानं झालं हे, अण्णा?"

"पेंडीचं पोतं टाकलं जीपमधी. खाली ही हाय, हे मला काय सपान पडलंतं का?" मोहनरावांचा आवाज एकदम उतरला. "पहिल्या पगारात घेतलीती पोरीनं. माहेरी गेली हाय, रविवारी येती. काय तोंड दाखवू तिला?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला घाबरलेलं बघितलं. आणि माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे!

"त्यात काय अण्णा! रविवारी वाजवून दाखवतो!"

"खरं का बे?" मोहनरावांचे डोळे चमकले. "सोमवारी बैठक हाय. तुझा कायम करायचा कागद मीच वर काढतो. पण ही वाजली तर! न्हाई वाजली तर…" पुढचं ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी घरापर्यंत ते वाक्य शंभर तऱ्हांनी पुरं करत गेलो.

"हे काय आणलंत?" बायको मनकर्णानं दारातच विचारलं.

"चेअरमनची अब्रू!"

"मंग ती आपल्या घरात कावून?"

तिला सगळं सांगितलं. नऊ वर्षं कायमच्या कागदाची वाट माझ्यापेक्षा जास्त तिनंच बघितलेली. ती एवढंच म्हणाली, "लई जपून करा."

जपूनच केलं हो! कॅनला लावतो तोच, दोन कांड्यांचा लगदा आणला. काळा आणि पांढरा, दोन्ही सारखे घेऊन कणकेसारखे मळायचे. वाळला की दगड. भगदाडावर आतून तेलाच्या डब्याचा पत्रा बसवला, वरून लगदा. भेगेत लगदा. मानेला दोन बोल्ट आणि चारी बाजूंनी लगदा. जिथं काही झालं नव्हतं तिथंही एकेक हात फिरवला. कंजूसपणा आपल्याकडं नाही!

आता वरून दाब पाहिजे. आमच्या घरात त्या दिवसांत जड वस्तू एकच, पाण्यानं भरलेली घागर. दोन ठेवल्या गिटारीवर.

"दोन दिवस ह्याला कुणी हात लावायचा न्हाई!" मी फर्मान काढलं.

"प्यायला पाणी न्हाई, आन तुमी बाजाच्या छाताडावर घागरी ठेवायलाव?" मनकर्णा कडाडली. पण कायमच्या कागदाची आठवण होऊन दुसरी घागर तिनंच नीट बसवली.

ते दोन दिवस माझे कसे गेले माझं मला ठाऊक! भाकरी गिळेना. दुधाच्या फॅटचा आकडा गायीच्या खात्यावरचा म्हशीला लिहिला. शुक्रवारी घागरी उचलायला गेलो, तर एक उचलली आणि दुसरी येईना! लगदा फळीवरून ओघळून घागरीच्या बुडाला चिकटलेला. पाणी काढलं, पाय लावून जोर केला. फट्कन् आवाज झाला. घागर माझ्या हातात आली, बूड गिटारीवरच राहिलं.

"माझी घागर!" मनकर्णा ओरडली.

"अगं, गिटार वाचली ना!"

बूड कानशीनं घासून काढलं. मग तपासणी. कॅनची करतो तशीच. आत डोळा घातला, उन्हाकडं धरली. कुठून एक तिरीप आत येईल तर शपथ! मी खुशीत तार छेडली.

ढप्.

दुसरी छेडली. ढप्. कच्च्या कलिंगडावर टिचकी मारावी तसा आवाज! मग मनाची समजूत घातली, ओली असेल आतून, वाळली की बोलेल. शनिवारी सकाळी ओसरीवर उन्हात उताणी ठेवली, देवाला हात जोडले आणि संस्थेत गेलो.

टँकरची पाळी रविवारची. आला शनिवारी! आमच्याकडं टँकरचा कायदा सरळ. घराला सहा भांडी, ती ओळीनं मांडायची. पाच मांडली आणि सहाव्याची जागा मोकळी दिसली, की शेजारचं भांडं सरकून आत आलंच. रिकामी जागा धरायला कुणी दगड ठेवतं, कुणी चप्पल. मनकर्णाच्या सहाव्या घागरीला बूड नव्हतं. आणि ओसरीवर बूड शाबूत असलेली एकच वस्तू उताणी पडलेली.

संस्थेत फोन वाजला. शेजारच्या छबुबाई.

"ज्ञानोबा, पळ! तुझ्या बाजात पाणी भरायलेत!"

मी असा पळालो, असा पळालो, की एक चप्पल संस्थेच्या पायरीवरच राहिली! जाऊन बघतो तर काय? टँकरवाला सुग्रीव मांडीएवढा पाइप घेऊन ओळीनं पुढं गेलेला. त्याच्या पाइपाला तोटी नाही, एकदा सुटला की जे तोंड दिसेल ते भरत जायचं. पाच घागरी काठोकाठ, आणि सहावी माझी गिटार, तीही काठोकाठ! तारांखाली पाणी चमकत होतं.

"मनकर्णे, काय केलंस हे!"

"जागा धरायला ठिवलीती! ह्यो मुडदा भरील म्हून मला काय ठावं?"

"बाजा भांड्यात धरायचा का?" छबुबाई मध्ये पडल्या. "आमाला न्हाई चालायचं!"

"पाणी ऱ्हायलंय न्हवं? मंग भांडंच की ते!" सुग्रीवनं निकाल दिला.

आणि त्याच वेळी गर्दी बाजूला झाली. पाणी नीट वाटलं जातंय का ते बघायला मोहनराव आलेले, आणि त्यांच्या मागं, हातात बॅग, एक दिवस आधीच आलेल्या सूनबाई! माझ्या डोळ्यापुढं कायमचा कागद फाटून चार तुकडे झालेला दिसला.

सूनबाई गिटारीजवळ उकिडव्या बसल्या. लगद्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, ही माझी?"

"पोतं… पेंडीचं… माझ्याच हातानं, पोरी," मोहनराव कसेबसे म्हणाले. "तुला भिऊन लपवलीती मी."

सूनबाईंनी ओली तार छेडली. डुब्! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी आणखी एक तार छेडली, डुबुक्! आणि त्या डोळे पुसत पुसत हसायलाच लागल्या.

"अहो बाबा, पुण्यात नीट करून देणारे आहेत. मला एक फोन करायचा ना! आता ही कोणाच्यानं उघडायचीसुद्धा नाही."

मी मान खाली घातली. मोहनराव मात्र वाकून गिटारीच्या बुडाखाली हात फिरवत होते. मानेखाली फिरवला, कुशीला फिरवला. हात कोरडा!

"ज्ञानोबा, दुधाचं माप आण बे."

मापून रिकामी केली. तेरा लिटर भरलं. एक थेंब गळाला नव्हता!

सोमवारी बैठक झाली आणि मी कायम झालो, खोटं नाही सांगत! सूनबाईंनी गिटार मनकर्णाला फुटक्या घागरीच्या बदल्यात देऊन टाकली आणि मोहनरावांनी स्वतः पुण्याला जाऊन त्यांना नवी आणली, येताना मांडीवर धरून. आमच्या घरची सहा भांडी आता पुरी भरतात, छबुबाईही काही म्हणत नाहीत.

कायमची ऑर्डर मी काचेत घालून भिंतीला लावलीय. पाहुणे आले की मोठ्यानं वाचून दाखवतो. 'कॅन व टाकी गळती दुरुस्ती, कायम.' तिथंच थांबतो. खाली मोहनरावांनी पेनानं एक ओळ वाढवलीय, ती मनकर्णा चहा आणता आणता वाचते.

'वाद्यांना हात लावू नये.'